मनॅससचे रणांगण आणि कुंपणाबाहेरची जमीन

वॉशिंग्टनपासून सुमारे 40 किलोमीटरवर, व्हर्जिनिया राज्याच्या प्रिन्स विल्यम काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), मनॅससचे रणांगण आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील पहिली मोठी लढाई 21 जुलै 1861 रोजी येथेच झाली, आणि तेरा महिन्यांनी, 28 ते 30 ऑगस्ट 1862 या तीन दिवसांत, जवळजवळ त्याच जमिनीवर दुसरी आणि कितीतरी मोठी लढाई झाली. दुसऱ्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 22 हजार सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. 1940 मध्ये केंद्र सरकारने या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा दिला आणि आज त्याची हद्द पाच हजार एकरांहून मोठी आहे. इतके असूनही गेल्या चाळीस वर्षांत या रणांगणाच्या कडेला किंवा जवळपास तीन प्रचंड बांधकामे येऊ घातली: 1988 मध्ये मॉल, 1993 मध्ये डिस्नेचे मनोरंजन उद्यान आणि 2021 पासून डेटा सेंटरची वसाहत. परिसर तोच, काउंटी तीच आणि जमिनीसंबंधीचा कायदाही जवळजवळ तोच होता. तिन्ही वेळी वादाचा शेवट मात्र निराळ्या कारणाने झाला, आणि त्यातले एकच कारण टिकाऊ ठरले आहे. ते कोणते आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी या प्रकरणाचा अभ्यास करावा लागतो.

हद्द कशी ठरली

उद्यानाच्या पश्चिम टोकाला ब्रॉनर फार्म नावाची जुनी शेतजमीन आहे. 28 ऑगस्ट 1862 च्या संध्याकाळी सेनानी स्टोनवॉल जॅक्सनच्या दक्षिणी, म्हणजे अमेरिकेतून फुटलेल्या राज्यांच्या, सैन्याने रस्त्याने चाललेल्या उत्तरेच्या फौजेवर येथून हल्ला चढवला, आणि उघड्या शेतात शंभरेक पावलांच्या अंतरावर समोरासमोर उभे राहून दोन्ही बाजू अंधार पडेपर्यंत एकमेकींवर गोळ्या झाडत राहिल्या. त्या जमिनीवर उभे राहिले की जॅक्सनने ही जागा का निवडली ते कळते. चढाचा उतार, मागची झाडी, समोरून जाणारा रस्ता आणि पलीकडे अर्धवट राहिलेल्या रेल्वेमार्गाचा मातीचा भराव ही सारी युद्धाची साधने होती. दुसऱ्या लढाईत जॅक्सनचे सैन्य त्याच भरावाआड दडून लढले. रणांगण जपायचे म्हणजे हे उतार, ही अंतरे आणि त्या वेळच्या सैनिकाला कोठून काय दिसत होते ते जपायचे. किल्ल्याला तट असतो, मंदिराला शिखर असते, आणि पाडले तर पाडल्याचे सर्वांना दिसते. रणांगणावर बुलडोझर फिरवून एखादी टेकडी चार मीटर कमी केली तर आठवडाभरात तेथे टेकडी होती हेसुद्धा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अडचण अशी की उद्यानाची हद्द सैन्याच्या हालचालींवरून आखली गेलेली नाही. जी जमीन विकत मिळाली, दान मिळाली किंवा राजकीयदृष्ट्या मागता आली, ती आत आली. उरलेली बाहेर राहिली. 30 ऑगस्टच्या दुपारी दक्षिणेचा सेनानी लाँगस्ट्रीट याच्या सुमारे 25 हजार सैनिकांनी जो प्रतिहल्ला करून लढाईचा निकाल लावला, त्याची तयारी झालेला मोठा भाग आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचे ठाणे असलेली स्टुअर्ट्स हिल ही टेकडी अनेक दशके हद्दीबाहेर होती. शिवाय दोन वर्दळीचे हमरस्ते उद्यानाच्या मधोमध एकमेकांना छेदतात. युद्धकाळात जखमींसाठी वापरलेले दगडी घर, म्हणजे स्टोन हाउस, नेमके त्या चौकात उभे आहे आणि त्याच्या अंगणापासून काही पावलांवर सिग्नलला ट्रकांची रांग लागलेली असते. संरक्षित रणांगणाची ही अवस्था असेल तर असंरक्षित रणांगणाचे काय होते, याचे उत्तर शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत मिळते. मनॅससनंतर दोनच दिवसांनी, 1 सप्टेंबर 1862 रोजी, शँटिली येथे लढाई झाली आणि तीत उत्तरेचे दोन सेनानी, कर्नी आणि स्टीव्हन्स, मारले गेले. आज त्या रणांगणातून सुमारे पाच एकरांची बाग उरली आहे. बाकीच्या जागेवर घरे, दुकाने आणि वाहनतळ आहेत.

1988: टेकडी सरकारने घेतली

स्टुअर्ट्स हिलभोवतीची 542 एकर जमीन आधी मॅरियट या हॉटेल कंपनीकडे होती, आणि तेथे मनोरंजन उद्यान बांधण्याचा तिचा बेत सत्तरच्या दशकातच बारगळला होता. 1980 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उद्यानाची हद्द वाढवली तेव्हा हा तुकडा बाहेरच राहिला. पुढे तो एका स्थानिक विकासकाने घेतला, 1986 मध्ये काउंटीने घरे आणि कार्यालये यांच्यासाठी झोन बदलून दिला, आणि जानेवारी 1988 मध्ये विकासकाने जाहीर केले की येथे सुमारे 12 लाख चौरस फुटांचा मॉलही होणार. घरे-कार्यालयांना नाइलाजाने मान तुकवलेले लोक मॉलचे नाव ऐकताच उठले. ॲनी स्नायडर या स्थानिक शेतकरी महिलेच्या नेतृत्वाखाली सह्यांची मोहीम सुरू झाली, देशभरचे इतिहासप्रेमी त्यात आले आणि वाद काउंटीच्या सभागृहातून थेट काँग्रेसमध्ये गेला.

काउंटीचा निर्णय कायदेशीर होता आणि विकासकाने काम सुरूही केले होते, त्यामुळे सामान्य मार्ग सगळे संपले होते. उरला तो अतिशय क्वचित वापरला जाणारा मार्ग, म्हणजे कायदा करून जमिनीचे थेट संपादन. अशा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही होते त्याच क्षणी मालकी केंद्र सरकारकडे जाते. मोबदला किती द्यायचा हे मागाहून ठरते. आर्कान्सॉचे सिनेटर डेल बंपर्स यांनी ऑक्टोबरमध्ये रात्री उशिरा सिनेटमध्ये नकाशा उभा करून दुसऱ्या लढाईचा क्रम सदस्यांना समजावून सांगितला: ली कोठे होता, लाँगस्ट्रीटची माणसे कोठून निघाली आणि मॉलची जागा त्यात नेमकी कोठे येते. ठराव 50 विरुद्ध 25 मतांनी संमत झाला आणि नोव्हेंबर 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. इतिहासाच्या अभ्यासाचा राजकारणावर इतका सरळ परिणाम झाल्याचे उदाहरण फारसे सापडत नाही.

मोबदला मात्र 10 कोटी डॉलरच्या वर गेला, म्हणजे एकरी पावणेदोन लाख डॉलरहून जास्त. शेतजमिनीच्या भावाने जी जमीन 1980 मध्ये घेता आली असती, ती झोन बदलल्यानंतर, मॉलच्या भावाने घ्यावी लागली. या व्यवहारावर उधळपट्टीची टीका झाली आणि ती गैरवाजवी म्हणता येत नाही. तरी एवढे खरे की तिन्ही वादांपैकी केवळ याच वादातील जमीन आज निर्विवादपणे रणांगणाचा भाग आहे. तिच्यावर पुन्हा कोणी अर्ज करू शकत नाही.

1993–94: डिस्नेची माघार

पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1993 मध्ये, डिस्ने कंपनीने रणांगणाच्या पश्चिमेला काही मैलांवर असलेल्या हेमार्केट गावाजवळ अमेरिकेच्या इतिहासावर आधारलेले मनोरंजन उद्यान बांधण्याची घोषणा केली. प्रकल्प 65 कोटी डॉलरचा होता. सुमारे तीन हजार एकर जमीन कंपनीने गाजावाजा न करता आधीच हाताखाली घेतली होती. सोबत हॉटेले, दुकाने आणि दोन हजारांवर घरे होणार होती. राज्यपाल जॉर्ज ॲलन प्रकल्पाच्या बाजूने ठाम होते आणि राज्य विधिमंडळाने रस्ते व इतर सुविधांसाठी सुमारे 16 कोटी डॉलरची तरतूदही मंजूर केली.

जागा रणांगणाला लागून नसल्यामुळे 1988 चा नकाशा येथे कामाचा नव्हता. विरोधकांनी म्हणून दोन वेगळ्या आघाड्या उघडल्या. परिसरातल्या धनाढ्य जमीनदारांनी आणि पर्यावरण संस्थेने वाहतूक व प्रदूषणाचे आकडे मांडले, तर डेव्हिड मॅकलो, जेम्स मॅक्फर्सन, सी. व्हॅन वुडवर्ड यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारांनी एकत्र येऊन खऱ्या रणांगणांच्या शेजारी इतिहासाचा खेळ मांडण्याला जाहीर विरोध केला. कंपनीला लोकांचे प्रेम हेच भांडवल होते आणि त्यालाच धक्का बसू लागला. 28 सप्टेंबर 1994 रोजी तिने हेमार्केटचा नाद सोडला.

हा विजय आजही मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पण पुढचे पान सहसा वाचले जात नाही. डिस्नेने सोडलेल्या जमिनीचा काही भाग स्काउटांच्या शिबिराला मिळाला आणि बऱ्याच मोठ्या भागावर गोल्फ मैदानासह बंदिस्त गृहवसाहती उभ्या राहिल्या. ज्या वाहतुकीच्या भीतीने प्रकल्प अडवला ती वाहतूक थोड्या उशिराने आणि थोड्या कमी बोभाट्याने आलीच. कंपनी नामांकित असेल तर तिची नाचक्की होऊ शकते. दहा वेगवेगळ्या बिल्डरांनी हळूहळू बांधलेल्या घरांविरुद्ध कोणता इतिहासकार पत्रक काढणार?

2021 पासून: डेटा सेंटर

तिसरा वाद सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण त्यात खलनायक शोधणे अवघड जाते.

1998 मध्ये काउंटीने आपला पश्चिम भाग, सुमारे 80 हजार एकर, ग्रामीण पट्टा म्हणून राखून ठेवला आणि तेथे दहा एकरांना एकच घर असा नियम केला. रणांगणाच्या पश्चिम कडेने जाणारी पेजलँड लेन ही सडक याच पट्ट्यात येते. ब्रॉनर फार्म तिला लागूनच आहे. उद्यानाला यामुळे एक पैसाही न मोजता हिरवी पार्श्वभूमी मिळाली. तिची किंमत मात्र जमीनमालक मोजत होते, कारण जवळच्या गावांत भाव चढत असताना त्यांना आपल्या जमिनीवर बांधता येत नव्हते आणि बांधू न दिल्याबद्दल भरपाईही नव्हती. त्यातच या पट्ट्यातून उच्चदाबाच्या वीजवाहिन्यांचे मनोरे गेले आणि सडकेवरची रहदारी वाढली. ज्या ग्रामीणपणासाठी आपल्याला अडवले जाते तो उरलाच कोठे, असा त्यांचा सवाल होता आणि त्याला सरळ उत्तर देणे कठीण होते.

उत्तर व्हर्जिनिया हा जगातील डेटा सेंटरांचा सर्वांत दाट प्रदेश आहे. शेजारच्या लाउडन काउंटीचे ॲशबर्न हे त्याचे केंद्र. तिथल्या आणि हर्नडनच्या आयटी वस्तीत मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने राहतात, आणि गणेशोत्सवाला जाताना त्या खिडक्या नसलेल्या, सहा-सात मजली उंच इमारतींच्या ओळींवरूनच जावे लागते. लाउडनची जमीन संपत आली तसे विकासक दक्षिणेकडे सरकले आणि त्यांना पेजलँड लेन दिसली. ज्या वीजवाहिन्यांनी शेतकऱ्यांना वैतागवले होते त्याच या धंद्याला हव्या होत्या. एकरी दहा लाख डॉलरच्या आसपास भाव निघाला. शेकडो एकरांचे मालक एकत्र आले आणि 2021 मध्ये त्यांनी स्वतःच काउंटीकडे भूवापर बदलाची मागणी केली. ॲनी स्नायडर यांचे पेजलँड फार्म याच सडकेवर होते. मॉल आणि डिस्ने या दोन्हींविरुद्ध लढलेल्या या बाईंच्या घरातली पुढची पिढी आता विकणाऱ्यांच्या बाजूने उभी होती. याला कृतघ्नता म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझ्या मते तो 1998 च्या नियमाने अपुऱ्या सोडलेल्या हिशेबाचा सरळ परिणाम होता.

काउंटीचे गणितही समजण्यासारखे आहे. घरे आली की मुले येतात, शाळा बांधाव्या लागतात आणि मालमत्ता कराचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. डेटा सेंटरमध्ये माणसे थोडी, यंत्रसामग्री अफाट, आणि त्या यंत्रांवर दर वर्षी कर मिळतो. लाउडनच्या तिजोरीकडे पाहून प्रिन्स विल्यमच्या पर्यवेक्षक मंडळाला मोह झाला नसता तरच नवल. उलट बाजूने उद्यानाच्या अधीक्षकांनी काउंटीला लेखी कळवले की गेल्या तीन दशकांतला उद्यानाला असलेला हा सर्वांत मोठा धोका आहे. इमारती हद्दीबाहेर असल्या तरी ब्रॉनर फार्मवरून पश्चिमेकडे पाहताना क्षितिजावर त्याच दिसणार होत्या, आणि शीतकरण यंत्रणेचा घरघराट हद्द पाळत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये मंडळाने रात्रभर चाललेल्या सभेनंतर विकास आराखड्यात बदल केला. 12 डिसेंबर 2023 रोजी झोन बदलाची सुनावणी सुरू झाली. सुमारे 27 तास चाललेल्या त्या बैठकीत शेकडो लोक बोलले आणि शेवटी 4 विरुद्ध 3 मतांनी, एक सदस्य तटस्थ राहून, सुमारे 2,100 एकरांवर 37 डेटा सेंटरांना मंजुरी मिळाली. एकूण बांधकाम दोन कोटी चौरस फुटांहून अधिक होणार होते. मंडळाच्या अध्यक्षा त्याआधीच पक्षांतर्गत निवडणुकीत हरल्या होत्या, त्या पराभवामागे डेटा सेंटरवरचा रोष हेच मोठे कारण मानले जात होते, आणि नवे मंडळ तीन आठवड्यांत सूत्रे घेणार होते. मतदारांनी नाकारलेल्या नेतृत्वाने जाता जाता एवढा मोठा निर्णय घ्यावा, हे कायद्यात बसले तरी शोभणारे नव्हते.

रणांगण संरक्षण संस्थेने दाखल केलेला दावा पहिल्या पायरीवर फेटाळला गेला. लगतच्या गृहवसाहतीच्या रहिवासी संघटनेचा दावा मात्र टिकला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायाधीशांनी झोन बदल मुळापासूनच रद्दबातल ठरवला. निकालाचा आधार होता जाहीर सूचनेचा: सुनावणीच्या जाहिराती कायद्याने ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वृत्तपत्रात आल्या नव्हत्या आणि हरकती घेणाऱ्यांना कागदपत्रे पाहायला पुरेसा अवधी मिळाला नव्हता. जॅक्सन, लाँगस्ट्रीट किंवा क्षितिजरेषा यांचा त्या निकालाच्या आधारात काहीही वाटा नाही. निकालाविरुद्ध अपिले झाली.

कायद्याची पोकळी, तिकडची आणि इकडची

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर केंद्र सरकारला जमिनीच्या वापरावर जवळजवळ काहीच बोलता येत नाही. कुंपण संपले की काउंटीचे राज्य सुरू होते. आपल्याकडे परिस्थिती कागदावर उलटी दिसते. 2010 च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. परंतु हे कडे मिळण्यासाठी मध्यभागी स्मारक असावे लागते, आणि ज्या जागेवर माणसे लढली पण बांधून काही ठेवले नाही तिच्याभोवती कडे आखणार कोठून?

5 नोव्हेंबर 1817 ची खडकीची लढाई घ्यावी. इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीच्या छावणीकडे गेला, मागे रेसिडेन्सी जाळली गेली, बापू गोखल्यांचे घोडदळ गणेशखिंडीकडून चालून आले आणि नाल्याकाठच्या दलदलीत घोडे रुतल्याने हल्ल्याचा जोर मोडला. बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. पेशवाईचा शेवट जिथे सुरू झाला ती ही जमीन आज विद्यापीठ, दारूगोळा कारखाना, छावणी, रस्ते आणि वसाहती यांच्याखाली आहे. ती दलदल कोठे होती हे पुण्यात राहणाऱ्या दहा जणांना विचारले तर एकालाही सांगता येणार नाही. त्या परिसरात जी काही मोकळी जमीन उरली आहे ती लष्कर आणि विद्यापीठ या दोन मोठ्या मालकांमुळे उरली आहे. वारसा कायद्याचे त्यात कर्तृत्व नाही. मालकीच टिकते, हा स्टुअर्ट्स हिलचा अनुभव खडकीत अजाणता खरा ठरला आहे.

मधला मार्ग नव्हता असे नाही. व्हर्जिनियात शेतजमिनीचा केवळ बांधकामाचा हक्क विकत घेण्याचा, म्हणजे जमीन मालकाकडेच ठेवून तिच्यावर कायमचे बंधन घालणारा करार करण्याचा, मार्ग उपलब्ध होता आणि इतर रणांगणांवर तो वापरलाही गेला. मुंबईच्या वारसा नियमावलीनेही बांधकाम अडलेल्या मालकाला टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची तरतूद केली आहे. 1998 मध्ये, ग्रामीण पट्टा आखताना, पेजलँड लेनच्या शेतकऱ्यांना त्यांच्या गमावलेल्या हक्काचे पैसे दिले असते तर ते शेतीच्या भावाने दिले गेले असते. 2021 मध्ये तोच हक्क एकरी दहा लाखांवर गेला आणि मग कोणत्याही संस्थेच्या आवाक्यात राहिला नाही.

झोन बदल रद्दच राहिला तर पेजलँड लेनला पुन्हा दहा एकरांना एक घर हा जुना नियम लागू होतो. मालक तेच, मनोरे तेच आणि उद्यानाची हद्दही तीच राहते. सूचनेतली चूक दुरुस्त करून, नवीन तारखा लावून, तोच अर्ज नव्याने दाखल करण्याला त्या निकालाने बंदी घातलेली नाही. त्या दिवशी पर्यवेक्षक मंडळात बहुमत कोणाचे आहे, एवढ्यावर त्याचे भवितव्य ठरेल.